तिसऱ्या बेसवरचा सासरा

मर्विन हॅझलेटने आयुष्यात एकदाच चारचौघांत तोंड उघडलं, आणि तेही कोलाच खाण्यासाठी. चुकून आतून नियम बाहेर पडला.

झालं असं, की शनिवारी सकाळी लिपोव्हच्या बेकरीत खसखशीचं सारण भरलेल्या कोलाचांचा पहिला ट्रे नुकताच बाहेर आला होता, आणि सगळं गाव ओटो पेशेकच्या पडण्याबद्दल बोलत होतं. ओटो चेरी काढायला शिडीवर चढला आणि चेरीसकट खाली आला. पाय दोन ठिकाणी मोडला. पायाचं दुःख कुणालाच नव्हतं, पाय जुळतात. दुःख हे होतं, की ओटो एकोणीस वर्षं लिपोव्हच्या बेसबॉलच्या मैदानावर बेसचा पंच होता आणि तीन आठवड्यांवर ओक क्रीकविरुद्ध अंतिम सामना आला होता. आमच्या लीगची रीतच अशी, की फलंदाजामागचा पंच तिसऱ्या गावाने द्यायचा आणि बेसवरचा यजमान गावाने. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात ही रीत मोडली तर आभाळ कोसळेल अशी सर्वांची खात्री आहे. खात्री करून बघायची कुणाची तयारी नाही.

"अरे, बेसवर पंच लागतोच कशाला?" बेकरीवाला स्टॅन म्हणाला. "तिसऱ्या बेसजवळ लाडा कोच उभा आहे ना! पळणारा चुकला तर त्याची मानगूट धरून जागेवर बसवेल."

"ते चालत नाही," मर्विन म्हणाला.

 वजनकाटा अचानक बोलायला लागला असता तर लोकांनी जितकं दचकून बघितलं असतं, तितकं दचकून त्यांनी मर्विनकडे बघितलं. मर्विन हा जिल्हा कचेरीत तीन नंबरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या नंबरपाट्या देणारा माणूस. 'अर्ज अपुरा आहे' याखेरीज त्याच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं.

आता थांबता येत नव्हतं. त्याने घास गिळला. "म्हणजे, कोचने हवेत हात कितीही नाचवावेत. पळ म्हणावं, थांब म्हणावं, लोळ म्हणावं. पण पळणाऱ्याला धरायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. धरलं की तो हस्तक्षेप. पळणारा बाद. शाबासकीची थाप चालते. मदतीचा हात चालत नाही."

"आणि थाप कुठली, मदत कुठली, हे ठरवणार कोण?" दारातून आवाज आला.

दारात लाडा कोवार्झिक उभे होते. वय एकोणऐंशी, टोपी त्याहून जुनी. शेहेचाळीस उन्हाळे ते लिपोव्हच्या तिसऱ्या बेसजवळ उभे होते आणि हा शेवटचा, असं त्यांनी चर्चच्या पत्रकात छापून जाहीर केलं होतं. शिवाय, आणि मर्विनच्या दृष्टीने हे जास्त गंभीर होतं, ते मर्विनचे सासरे होते.

"पंच ठरवतो, कोच," मर्विन पुटपुटला. बावीस वर्षांच्या लग्नात सासऱ्यांना 'बाबा' म्हणायची त्याची छाती झाली नव्हती.

"मग तूच हो की पंच, नंबरपाटी," लाडा म्हणाले, आणि सहा कोलाच घेऊन निघून गेले.

जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. कोवार्झिकांच्या घरात नऊच ग्रह होते आणि त्यांतही मर्विन नव्हता. दर रविवारी सासऱ्यांच्या टेबलावर बारा माणसं जेवायची, खुर्च्या मात्र अकरा. बारावं आसन म्हणजे पियानोचं गोल स्टूल. ते फ्रीजच्या दाराला खेटून ठेवलेलं, आणि त्यावर बावीस वर्षं मर्विन. फ्रीज उघडायचा तर मर्विनने उठायचं, आणि उठलाच आहे तर लोणी त्यानेच आणायचं. एका जेवणात तो सरासरी नऊ वेळा उठायचा. तिथे त्याला नाव नव्हतं. "नंबरपाटी, लोणी!" एवढंच.

तरीही, ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, सासऱ्यांबद्दल मर्विनला जे वाटायचं त्याला भक्तीशिवाय दुसरा शब्द नाही. दर रविवारी अपमान पोटभर खाऊनही, मैदानावर तो माणूस तिसऱ्या बेसजवळ उभा राहिला की मर्विनचा श्वास अडकायचा. पळणाऱ्याची पाठ चेंडूकडे असते. त्याला मागचं काही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त लाडांचे हात. उजवा हात गोल फिरला की पळ. दोन्ही तळवे पुढे आले की थांब. तळवे जमिनीकडे दाबले की लोळ, म्हणजे मातीतून घसरत बेस गाठ. एकोणऐंशी वर्षांचे ते सुजलेल्या सांध्यांचे हात असे काही चालायचे, की जणू मैदानावरची नऊ माणसं, चेंडू आणि वरचे ढगसुद्धा त्यांच्या बोटांना बांधलेले आहेत. सगळं गाव चेंडू बघायचं. मर्विन बावीस वर्षं फक्त ते हात बघत आला होता.

म्हणून तो घरी गेला आणि लोर्नाला म्हणाला, "मी पंच होतोय."

लोर्ना भांडी पुसत होती. "बाबांच्या सामन्यात?"

"हो."

"बाबांच्या शेवटच्या सामन्यात?"

"हो."

"बरं," लोर्ना म्हणाली. "मी तुझी उशी पडवीत टाकून ठेवते. नंतर घाई नको."

पंच व्हायचं म्हणजे राज्याच्या पंच महामंडळाकडे अर्ज करायचा. अर्ज आला. मर्विनला अर्ज आवडतात. त्याने तो टेबलावर पसरून दोनदा वाचला आणि चौथ्या कलमाशी अडखळला. अर्जदाराची सही 'जिल्हा कचेरीतील अधिकृत कारकुनासमोर' झालेली हवी होती. जिल्हा कचेरीतला अधिकृत कारकून एकच, मर्विन हॅझलेट. आणि स्वतःची सही स्वतःसमोर करता येत नाही, हे सांगणारी पाटी मर्विननेच तीन नंबरच्या खिडकीवर लावली होती. अधोरेखित करून.

तेव्हा तो साठ मैल गाडी हाकत शेजारच्या जिल्ह्यात गेला. तिथेही तीन नंबरची खिडकी. तिथेही एक मर्विन, फक्त नाव वेगळं आणि चष्मा जाड. त्याने अर्ज उलटसुलट केला आणि म्हणाला, "अर्ज अपुरा आहे."

"कसा?"

"निळ्या शाईत भरलाय. काळी हवी."

"काळं पेन आहे का तुमच्याकडे?"

"आहे," तो माणूस म्हणाला. "पण ते खिडकीच्या आतलं आहे."

 मर्विनला राग यायला हवा होता. पण त्या माणसाचा शांतपणा, ती पेनावरची अढळ मालकी, ते 'आतलं आहे' म्हणतानाचं निर्विकार तोंड! बारा वर्षं अभ्यास करूनही मर्विनला ही उंची गाठता आली नव्हती. तो नतमस्तक होऊन दुकानातून काळं पेन घेऊन आला.

मग आलं नियमांचं पुस्तक. शंभराहून जास्त पानं, खिशात मावेल एवढं, आणि त्यात सगळं होतं. चेंडू कुत्र्याने पळवला तर काय, चेंडू पंचाच्या सदऱ्यात शिरला तर काय. मर्विन ते पोथीसारखं वाचायचा: अंघोळ करून, पाठ ताठ ठेवून. तो अक्षरशः थरारून गेला. ज्या माणसांनी हे लिहिलं त्यांनी जगात जे जे घडू शकतं ते सगळं आधीच बघून ठेवलं होतं! नंबरपाट्यांच्या नियमांत सदऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. कोचच्या हस्तक्षेपाच्या पानाशी त्याने बोर्डिंग पासएवढी कागदाची पट्टी घातली. फेकलेला चेंडू कोचला चुकून लागला तर काही नाही, खेळ चालू. कोच मुद्दाम आड आला तर हस्तक्षेप. पळणाऱ्याला धरून जायला किंवा परतायला मदत केली तर पळणारा बाद. आणि मदत झाली की नाही, हे पंचाच्या विवेकावर. विवेकावर! जिल्हा कचेरीत विवेक वापरायला तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते.

सराव मागच्या अंगणात सुरू झाला. कपडे वाळत घालायचा खांब हा पहिला बेस, खताची बादली दुसरा, लोर्नाचं गुलाबाचं झाड तिसरा. पळणारा म्हणून शेजारच्या वोंद्राबाईंचा कुत्रा बिस्किट, आणि कोच म्हणून लोर्ना. बिस्किट गुलाबापुढे गेला की लोर्नाने त्याला मागून धरायचं, आणि मर्विनने मूठ आवळून, हात हवेत हाणून ओरडायचं: "हात लावला! आउट!"

"तू त्याच्यावर ओरडू नकोस," लोर्ना म्हणाली. "तो घाबरून माझ्या पायांवर करतो."

"पंचाने ओरडायलाच हवं. आवाजात शंका असली की लोक शंका घेतात, असं पुस्तकात आहे."

"मग पुस्तकाला सांग माझे मोजे धुवायला."

कुंपणावर बाकीची माणसं जमायला लागली. डावीकडच्या घरातले निवृत्त दंतवैद्य डॉक्टर विक म्हणाले, "मर्विन, मूठ हाणताना जबडा आवळतोस. दाढा जातील. निर्णय सैल जबड्याने द्यावा." वोंद्राबाई म्हणाल्या, "माझे स्वर्गवासी यजमान म्हणायचे, पंच हा पाहुण्यासारखा असावा. आला कधी, गेला कधी कळू नये. तू तर, बाबा, बॉयलरसारखा ओरडतोयस." मग दोघांचं आपसांत जुंपलं आणि मर्विनला थोडी उसंत मिळाली.

तिसऱ्या दिवशी मात्र वोंद्राबाई गावाला गेल्या होत्या आणि घरी त्यांची बहीण होती. तिला बेसबॉल माहीत नव्हता. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, की एक मध्यमवयीन गृहस्थ गुलाबापुढे उभा राहून छातीशी मूठ आवळतो आहे आणि किंचाळतो आहे. तिने अग्निशमन दलाला फोन केला, की शेजारच्यांना हृदयविकाराचा झटका आलाय, आणि तो वारंवार येतोय.

लिपोव्हचं अग्निशमन दल म्हणजे लिपोव्हचाच बेसबॉल संघ. फक्त टोप्या वेगळ्या. आठ मिनिटांत लाल गाडी भोंगा वाजवत दारात. स्टॅनचा भाऊ स्ट्रेचर घेऊन पळत आला. त्याच्यामागे गावचे तरुण पाद्री फादर यारो, जे संघात डावीकडचं मैदान सांभाळायचे आणि आगीच्या वेळी पाण्याचा पाइप. एका हातात पवित्र तेलाची बाटली, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. कुठलंही दुखणं असो, फादर तयारीने यायचे.

"मर्विन, तू पडून राहा," फादर म्हणाले.

"मी पडलेलोच नाही, फादर. मी आउट देत होतो."

"कुणाला?"

"बिस्किटला."

फादरनी बिस्किटकडे बघितलं. बिस्किटने लोर्नाकडे. लोर्नाने मोज्यांकडे. स्ट्रेचर रिकामं परत गेलं, पण बातमी भरून गेली. रविवारी जेवणाच्या टेबलावर अकरा खुर्च्यांनी एकदम "आउट!" म्हणून मूठ हाणली. मर्विन लोणी आणायला उठला होता, तो तसाच फ्रीजमध्ये तोंड घालून बराच वेळ लोणी शोधत राहिला. आत निदान गार होतं.

लाडा हसले नाहीत. त्यांनी काटा खाली ठेवला. "नंबरपाटी," ते म्हणाले, "एक सांग. तू मैदानावर कशाकडे बघणार?"

"चेंडूकडे, कोच," मर्विन म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांशी खोटं बोलला होता.

"शाबास," लाडा म्हणाले. "ओटोही चेंडूकडेच बघायचा. चांगला पंच."

सामन्याच्या दिवशी दुपारी दोनला लिपोव्हमध्ये घरात फक्त मांजरं उरली होती. मर्विनच्या अंगावर ओटोचा निळा पोशाख होता. ओटो हा दोन मर्विनांचा बनलेला माणूस होता. पँट लोर्नाने मागे अकरा टाचण्या लावून आवळली होती. "वाकू नकोस," तिने बजावलं होतं. "आणि जोरात श्वास घेऊ नकोस. बाकी न्याय कर."

मैदानावर पाऊल टाकलं आणि मर्विन विसरला, की त्याला पँट आहे. स्टँडमधून हे मैदान केवढंसं दिसायचं! खाली उभं राहिलं की ते आभाळाएवढं होतं. लाल माती ओली करून पाटीसारखी सारवलेली. गवतावर चुन्याच्या रेघा इतक्या सरळ, की त्यांच्यापुढे आपली आख्खी नोकरी वाकडी वाटावी. मक्याच्या शेतावरून वारा येत होता. आणि तिसऱ्या बेसजवळ, चुन्याच्या चौकटीत, लाडा कोवार्झिक. त्यांनी टोपी सरळ केली, हात चोळले. बारा पावलांवरून ते हात मर्विनने कधी बघितले नव्हते.

पाच डाव सुरळीत गेले. सहाव्यात ओक क्रीकच्या खेळाडूने तिसऱ्या बेसकडे चेंडू फेकला, तो थेट लाडांच्या पाठीत बसला आणि उडून कुंपणाशी गेला. लिपोव्हचे दोन पळणारे घरी, म्हणजे फलंदाजाच्या बेसवर, येऊन पोहोचले. ओक क्रीकचा मॅनेजर, नाव हबर्ट गाल्ट, गोलाकार, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया, तो बिया थुंकत धावला.

"हस्तक्षेप! पंच! त्या म्हाताऱ्याने पाठ मध्ये घातली!"

"पाठ माझी आहे," लाडा म्हणाले. "ती शेहेचाळीस वर्षं इथेच आहे. चेंडू पाहुणा."

 मर्विनने बघितलं होतं: लाडा पळणाऱ्याला हात दाखवत होते, चेंडूकडे त्यांची नजरच नव्हती. सदऱ्यातल्या पुस्तकाला हात लावून तो म्हणाला, "चुकून लागला. मुद्दाम नाही. खेळ चालू."

"आणि तुला काय माहीत मुद्दाम नाही?"

"मी त्यांच्याकडेच बघत होतो."

गाल्ट बिया चावत परत गेला. स्टँडमध्ये एकच जल्लोष झाला. "हॅझलेट! हॅझलेट!" बावीस वर्षांत गावाने त्याचं आडनाव पहिल्यांदा एका सुरात घेतलं. डॉक्टर विक उभे राहून ओरडले, "जबडा बघा! कसा सैल आहे!" लाडांनी मात्र मर्विनकडे वळून जरा विचित्र नजरेने बघितलं. मर्विनला ती कौतुकाची वाटली. तो हवेत तरंगत होता.

तरंगणाऱ्या माणसाला नवव्या डावात खाली उतरावंच लागतं.

नववा आणि शेवटचा डाव, लिपोव्हची फलंदाजी. ओक क्रीक सहा, लिपोव्ह पाच. दोन बाद. चौदा वर्षं लिपोव्हने ओक क्रीकला अंतिम सामन्यात हरवलं नव्हतं. दुसऱ्या बेसवर फादर यारो. एक धाव आली की बरोबरी; तिसरा गडी बाद झाला की सगळं संपलं, आणि लाडांचे शेहेचाळीस उन्हाळेही. स्टँडमध्ये वोंद्राबाई जपमाळ ओढत होत्या, त्यांची बहीण कान झाकून बसली होती.

स्टॅनच्या भावाने चेंडू हाणला. उजवीकडे, खोल. फादर निघाले. डोक्यावरची टोपी उडाली, तरी ते थांबले नाहीत. लाडांचा उजवा हात गोल फिरत होता: पळ, पळ, पळ! फादरनी तिसऱ्या बेसवर पाय टेकवला, घराकडे वळले, आणि त्याच क्षणी ओक क्रीकच्या पोराने मैदानाच्या टोकावरून असा काही चेंडू फेकला, की सगळ्या गावाच्या माना त्या चेंडूबरोबर फिरल्या. चेंडू फादरच्या आधी घरी पोहोचणार हे उघड होतं. स्टँड, दोन्ही संघ, फलंदाजामागचा पंच, कुंपणावरची पोरं, मला वाटतं मक्याची कणसंसुद्धा, सगळे चेंडूकडे बघत होते.

मर्विन हॅझलेट हातांकडे बघत होता.

त्याने बघितलं, की दोन्ही तळवे पुढे आले: थांब! फादर थांबायचा प्रयत्न करत होते, पण वेगाने चार पावलं पुढे घसरले. आणि मग त्या हातांनी जे केलं ते इतकं सफाईदार होतं, की मर्विनला भास झाल्यासारखं वाटलं. डावा हात हवेत 'मागे!' अशी खूण करत उंच गेला, सगळ्यांनी बघावी अशी. आणि उजवा हात खालून, शांतपणे, फादरच्या कमरेच्या पट्ट्यात शिरला. एक हिसडा. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने दोनशे पौंडांचा पाद्री चार पावलं मागे, जणू खुंटीला टोपी अडकवावी तसा, तिसऱ्या बेसवर नेऊन ठेवला. हात पुन्हा बाहेर. चेंडू घरून तिसऱ्या बेसकडे उलटा आला तेव्हा फादर बेसवर उभे होते, निष्पाप, आणि लाडा टोपी सारखी करत होते.

मर्विनला पहिल्यांदा काय वाटलं असेल? राग नाही. भीती नाही. 'वा!' असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. असं काही आपल्याला बघायला मिळालं!

आणि मग लगेच कळलं, की हे बघणारा जगात आपण एकटाच आहोत.

पाव सेकंद होता. त्या पाव सेकंदात त्याने पडवीतली उशी बघितली. पियानोचं स्टूल बघितलं. उद्यापासून बेकरीत आपल्याला शिळा पाव मिळणार हे बघितलं. आणि हेही बघितलं, की गप्प बसलं तर यातलं काहीच होणार नाही. फक्त आपण पुढची सगळी वर्षं त्या हातांकडे बघताना नजर खाली घालू.

त्याने उजवी मूठ आवळली. हात हवेत हाणला. अकरापैकी सात टाचण्या उघडल्या आणि त्यांतली एक, सर्वांत निष्ठावान, आत घुसली.

"हात लावला! आउट!"

त्या आवाजात निम्मा न्याय होता आणि निम्मी टाचणी. पण शंका अजिबात नव्हती. पलीकडच्या शेतातल्या गाईंनी माना वर केल्या.

आधी कुणाला कळलंच नाही. ओक क्रीकच्या गाल्टलाही नाही. तो बिया चावायचं विसरला. मग कळलं, आणि जे झालं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे चक्रीवादळाला झुळूक म्हणणं.

"कुठला हात?"

"आंधळा झालास का, हॅझलेट?"

"घरी जा, बिस्किटला आउट दे!"

"फादरना विचारा!" स्टॅन ओरडला. "फादर खोटं बोलणार नाहीत!"

नियमात पळणाऱ्याला विचारायची सोय नाही. पण नियम पुस्तकात होता, आणि गाव आता मैदानात उतरलं होतं. सगळे फादरभोवती जमले.

"फादर, कोचने तुम्हाला धरलं का?"

फादर यारो घामाने निथळत होते. त्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळाने मदत केली नाही.

"मला एक हात जाणवला," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"त्या क्षणी," फादर म्हणाले, "मला वाटलं, वरचा."

"आणि आता?"

फादरनी हळूच कंबर चाचपली. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे आलेलं होतं. "आता असं वाटतं," ते म्हणाले, "की तो हात बराच खालच्या बाजूने आला."

मर्विन एका हाताने पँट धरून उभा होता. गर्दी दुभंगली. लाडा कोवार्झिक त्याच्याकडे चालत येत होते. सावकाश. लोर्ना स्टँडवरून उतरून अर्ध्यात येऊन थांबली होती, तिच्या हातात पर्स अशी काही धरलेली होती, की ती नेमकी कुणाला मारणार ते सांगता येत नव्हतं.

लाडा हातभर अंतरावर येऊन थांबले. टोपी काढली. टोपीशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. डोकं पांढरंशुभ्र होतं, लहान मुलासारखं.

"कुठल्या हाताने?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

"आणि डावा?"

"डावा वर होता, कोच. लोकांसाठी."

"पकड कुठे?"

"पट्ट्यात. मागच्या बाजूला. अंगठा बाहेर, चार बोटं आत." मर्विनचा आवाज फुटला. "कोच, इतकं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नाही. पण ते आउट आहे."

 लाडा हळू, फक्त मर्विनला ऐकू जाईल असं बोलले. "ज्या वर्षी माझी लोर्ना जन्मली, त्या वर्षापासून मी हे करतोय. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. अडीच वर्षं लागली मला ते हात बसवायला. गोठ्यात, वासरावर. आणि इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही. ओटो? एकोणीस वर्षं चेंडू बघत राहिला, गाढव. कधी कधी मला वाटायचं, मी मरेन आणि कुणाला कळणारच नाही मी काय करत होतो ते."

त्यांनी टोपी परत घातली, गावाकडे वळले आणि गोठ्यातल्या आवाजात ओरडले, "आउट आहे! घरी जा सगळे! पंचाने बघितलंय!"

सामना लिपोव्ह हरलं. पंधरावं वर्ष. बेकरीत मर्विनला आठवडाभर खरंच शिळा पाव मिळाला, आणि कचेरीत तीन नंबरच्या खिडकीसमोर लोक मुद्दाम निळ्या शाईतले अर्ज घेऊन येऊ लागले. उशी पडवीत गेली नाही. "मी बाबांना लहानपणापासून ओळखते," लोर्ना म्हणाली. "वासरं उगाच लंगडत नव्हती."

पण खरी भीती रविवारची होती. दुसऱ्याच दिवशी. सासऱ्यांच्या घरी बारा माणसं, डुकराच्या मांसाचा वाफाळता रोस्ट, डंपलिंग, आंबट कोबी, आणि प्रत्येकजण मर्विनकडे न बघता आपापल्या ताटाकडे बघणारा. मर्विन सवयीने फ्रीजकडे गेला. स्टूल तिथे नव्हतं.

स्टूलवर लाडा बसले होते. टेबलाच्या टोकाची त्यांची हातांची खुर्ची रिकामी होती.

"तिकडे," लाडा म्हणाले.

"कोच, ती तुमची..."

"मी निवृत्त झालो. बस."

मर्विन खुर्चीच्या टोकावर टेकला. टेकला म्हणजे मांडीचा एक इंच. वाढप झालं. प्रार्थना झाली. आणि कुणीतरी, बहुधा मेहुण्याने, सवयीने म्हटलं, "नंबरपाटी, लोणी!"

मर्विन सवयीने उठला. अर्धाच उठला होता, तोवर लाडा स्टूलवरून उठून त्याच्या मागे आले होते. एक हात, उजवा, अंगठा बाहेर, चार बोटं आत, त्याच्या खांद्यावर बसला आणि त्याने मर्विनला शांतपणे, खुंटीला टोपी अडकवावी तसं, खुर्चीत परत नेऊन ठेवलं. पूर्ण. पाठीला पाठ टेकेपर्यंत.

"बाबा!" लोर्ना ओरडली आणि तिने मूठ हाणली. "हात लावलात! आउट!"

टेबलावरची अकराही माणसं मर्विनकडे बघायला लागली. मर्विनने खांद्यावरच्या हाताकडे बघितलं. सुजलेले सांधे, बोटांच्या पेरांत अजून कालची लाल माती. नीट बघितलं, घाई केली नाही.

"नाही," तो सैल जबड्याने म्हणाला. "चेंडू खेळात नव्हता, बाबा."

लाडांनी खांदा एकदा थोपटला, आणि लोणी आणायला फ्रीज उघडला.